पोराच्या गाडीतला लाल-निळा दिवा

या वेळचं पत्र एडिसन, न्यू जर्सीहून आलंय. थोडं कापून देतेय, मूळ पत्र चांगलं चार पानी होतं.

"ताई नमस्कार. आम्ही इथे १२ वर्षं राहतोय. मुलगा १९ वर्षांचा, कम्युनिटी कॉलेजला जातो आणि पिझ्झाच्या दुकानात पार्टटाइम करतो. त्या पैशातून त्याने उन्हाळ्यात ऑक्शनमधून पोलिसांची जुनी गाडी घेतली, पांढरी क्राउन व्हिक्टोरिया. इथवर ठीक होतं. मग त्याने ऑनलाइन मागवून पुढच्या काचेच्या आतून लाल-निळे दिवे बसवले आणि म्हणाला शोसाठी आहेत. मागच्या महिन्यात मित्रांना घेऊन रूट वनवरून जाताना डाव्या लेनमध्ये एक गाडी हळू चालली होती, तिच्या मागे याने ते दिवे दोन-तीन सेकंद चमकवले, ती बिचारी घाबरून उजवीकडे झाली आणि हे सगळे खिदळत पुढे गेले. मित्राने व्हिडिओ इन्स्टावर टाकला, तिथून मला कळलं. आमचे हे म्हणतात पोरखेळ आहे, दिवे काढले की विषय संपला. माझे मामा साताऱ्याहून आलेत, ते म्हणतात आपल्याकडे अर्धं गाव 'पोलीस' लिहिलेल्या पाट्या लावून फिरतं, कोण विचारतंय. आणि मुलगा म्हणतो, मी पोलीस आहे असं म्हणालोच कुठे, तोंडसुद्धा उघडलं नाही. मार्चमध्ये हीच गाडी घेऊन मित्रांबरोबर फ्लोरिडाला जायचं चाललंय. आमची सगळ्यांची ग्रीन कार्डं आहेत, सिटिझनशिपला अजून वेळ आहे. मी उगाच घाबरतेय का? व्हिडिओ डिलीट करायला सांगू का? गाडी विकायला लावू का? – झोप उडालेली आई"

झोप उडालेल्या आई, घरातल्या एकाची तरी उडाली हे बरंच झालं म्हणायचं. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. आधीच सांगते की मी वकील नाही, १४ वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून फायली वाहतेय, त्यामुळे कुठल्या गोष्टीला हसायचं आणि कुठल्या गोष्टीला ताबडतोब फोन उचलायचा एवढं मला कळतं, आणि तुमची गोष्ट फोन उचलायची आहे.

सगळ्यात आधी चिरंजिवांचा मुद्दा घेऊ, कारण तो हुशार मुलाचा मुद्दा आहे आणि हुशार मुलं अशाच मुद्द्यांवर अडकतात. "मी पोलीस आहे असं म्हणालो नाही." बरोबर, नाही म्हणाला. पण न्यू जर्सीच्या फौजदारी कायद्यात, २सी:२८-८ नावाच्या कलमात, तोंडाने म्हणायलाच हवं अशी अट नाहीये. तिथे दोन गोष्टी बघतात. एक, तू पोलीस असल्याचं खोटं भासवलंस का, आणि दोन, समोरच्याने ते खरं मानून तुझं ऐकावं किंवा त्या भरवशावर काहीतरी करावं असा तुझा उद्देश होता का. आता मला सांगा, रात्री मागून पांढरी क्राउन व्हिक येते, काचेत लाल-निळं चमकतं, आणि पुढचा माणूस लेन सोडतो. त्याने कोणासाठी सोडली? पिझ्झावाल्यासाठी तर नाही सोडली ना. आणि याने दिवे लावले कशाला, तर त्याने लेन सोडावी म्हणूनच. उद्देश सिद्ध करायला सरकारी वकिलाला एरवी घाम गाळावा लागतो, इथे त्या व्हिडिओत सगळे खिदळतायत, म्हणजे पुरावा आपणच रेकॉर्ड करून, वर गाणं लावून, हॅशटॅग टाकून दिलाय.

बाकी कुठला सरकारी नोकर असल्याची बतावणी केली तर न्यू जर्सीत तो लहान गुन्हा धरतात, डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स, ६ महिन्यांपर्यंत. पण पोलीस असल्याची बतावणी केली की तो फोर्थ डिग्री क्राइम होतो, १८ महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. इथे फेलनी (मोठा गुन्हा) आणि मिसडिमीनर (छोटा गुन्हा) असे शब्द वापरत नाहीत म्हणून लोकांना वाटतं फोर्थ डिग्री म्हणजे शेवटचा नंबर, म्हणजे किरकोळ. तसं नाहीये हो. ते प्रकरण गावच्या म्युनिसिपल कोर्टात मिटत नाही, काउंटीच्या कोर्टात जातं. पहिल्याच वेळी कोणी १९ वर्षांच्या पोराला १८ महिने आत टाकेल असं मी म्हणत नाहीये, पहिल्या चुकीसाठी कोर्टाचे प्रोबेशनसारखे कार्यक्रमही असतात, कदाचित सरकारी वकील दिव्यांचा दंड करून सोडूनही देईल. पण ते त्याच्या मर्जीवर झालं, आपल्या नाही.

मी एवढी कडक का बोलतेय ते सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी नोव्हेंबरात रात्री अकराच्या सुमाराला मी मैत्रिणीकडून एकटी परत येत होते, दोन्ही बाजूला झाडी, दिवा नाही, आणि मागे एक साधी काळी गाडी, जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही, तिने अचानक पुढच्या जाळीतून लाल-निळं चमकवायला सुरुवात केली. माझ्या पोटात गोळा आला. थांबावं तर हा खरंच पोलीस आहे कशावरून, आणि न थांबावं तर पळून जातेय म्हणून गुन्हा. मी हॅझर्ड लाइट लावले, स्पीड अगदी कमी केला, स्पीकरवर ९११ हा इमर्जन्सी नंबर लावला आणि फोन घेणाऱ्या बाईला सांगितलं की मी अमुक रस्त्यावर आहे, माझ्यामागे बिननावाची गाडी आहे, तुमचाच माणूस आहे का बघा, मी पुढच्या गॅस स्टेशनवर थांबतेय. ती म्हणाली लाइनवर राहा. आपल्या न्यू जर्सीत गॅस आपला आपण भरायचा नाही असा नियम आहे त्याला मी कितीदा नावं ठेवली असतील, पण त्या रात्री पंपावर टोपी घातलेला भरणारा माणूस उभा दिसला आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेवढ्यात ९११ वाल्या बाईने सांगितलं, हो, आमचाच ऑफिसर आहे. तो उतरला, माझा मागचा एक दिवा बंद होता एवढंच सांगायला त्याने थांबवलं होतं, आणि फोन केलात ते बरं केलंत असंही म्हणाला. पण घरी येऊन चहाचा कप धरताना माझ्या हाताचा थरकाप चालूच होता, आणि हे खऱ्या पोलिसाच्या बाबतीत झालं. तुमच्या मुलाने ज्या गाडीमागे दिवे चमकवले तिच्यात कोण होतं ते त्याला माहीत आहे का? विचारा त्याला. नाइट शिफ्टवरून येणारी नर्स असेल, लायसन्स एक्स्पायर झालेला कोणी असेल, नाहीतर आपल्यातलीच कोणी, जिच्या नवऱ्याचा व्हिसा अडकलाय आणि जी पोलिसाची गाडी दिसली तरी देवाचं नाव घेते.

कायदा बघतो तो त्या पुढच्या गाडीतून, आणि घरात सगळे विचार करताय तो मागच्या गाडीतून. चोरी पैशाची नाही झाली, कबूल, पण कोणीतरी मुकाट्याने ऐकलं, आणि ते ऐकणं तुमच्या मुलाचं नव्हतं, सरकारचं होतं, ते याने उचललं. म्हणून हॅलोवीनला पोलिसाचा ड्रेस घालून दारोदार चॉकलेटं मागितली तर कोणी काही म्हणत नाही, नाटकात इन्स्पेक्टर झालात तरी नाही, कारण तिथे तुमच्या शब्दावर कोणी गाडी बाजूला घेत नाही.

आता दिव्यांचं बघा, कारण ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. न्यू जर्सीत नुसता निळा दिवा दिसला तर तो पोलीस असेलच असं नाही, इथे अग्निशमन दलाचे आणि फर्स्ट एड स्क्वॉडचे व्हॉलंटियर आपल्या खाजगी गाडीवर निळा दिवा लावतात, त्यांना तशी परवानगी असते आणि ओळखपत्र असतं. नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलात तर तिथे आगवाल्या व्हॉलंटियरचा निळा आणि अँब्युलन्सवाल्याचा हिरवा. आणि फ्लोरिडात? तिथे निळा म्हणजे पोलीस, दुसरं कोणी नाही. खाजगी गाडीत चमकणारा निळा दिवा वापरला की तोच वेगळा गुन्हा, एक वर्षापर्यंतचा, मग तुम्ही कोणाला थांबवलंत की नाही हा प्रश्न पुढचा. म्हणजे इथे एखाद्या व्हॉलंटियरने कायदेशीर लावलेला दिवा तिथे त्यालाच गोत्यात आणेल. तुमच्या चिरंजिवांकडे तर इथलाही कागद नाही. शोसाठी होते म्हणतोय, पण शो पार्किंग लॉटमध्ये करतात, रूट वनच्या डाव्या लेनमध्ये नाही.

तर फ्लोरिडा. या ट्रिपला मी याच गाडीत, याच अवतारात, साफ नाही म्हणेन. आय-९५ वरून जाताना तुम्हाला वाटतं एकच रस्ता आहे, पण डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया, मग दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया आणि शेवटी फ्लोरिडा, प्रत्येक पाटीला कायदा बदलतो. आपल्या भारतात तोतया पोलिसाचं कलम एकच, कोल्हापूरला जे तेच कोहिमाला. इथे ५० राज्यांची ५० पुस्तकं. टेक्ससमध्ये सरकारी नोकराची तोतयागिरी म्हणजे थर्ड डिग्री फेलनी, २ ते १० वर्षं. न्यूयॉर्कमध्ये नुसती बतावणी मिसडिमीनर आणि ती करता करता दुसरा मोठा गुन्हा केला तर फेलनी. कॅलिफोर्नियात तर खाजगी गाडी पोलिसांसारखी काळी-पांढरी रंगवून चालवायलाच मनाई आहे. जॉर्जियात १ ते ५ वर्षं. फ्लोरिडात पोलिसाची बतावणी करून तसं वागलात तर ५ वर्षांपर्यंत, आणि ती करता करता दुसरा मोठा गुन्हा केला आणि त्यात कोणाला इजा झाली की शिक्षा कितीतरी पटीने वाढते.

मधल्या व्हर्जिनियाची एक केस मुलाला जरूर सांगा, त्याच्या मुद्द्याला नेमकी लागू आहे. वॉशिंग्टनजवळच्या पार्कवेवर एका माणसाला स्पीडिंगसाठी पार्क पोलिसांनी थांबवलं. तिकीट टळावं म्हणून तो म्हणाला मी फेअरफॅक्स काउंटीच्या शेरीफचा डेप्युटी, म्हणजे पोलिसातलाच आहे. पूर्वी होताही, पण ती नोकरी केव्हाच सुटली होती. बस, एवढंच. ना दिवा, ना वर्दी, ना कोणाला लुबाडलं. खोटेपणा उघडा पडला आणि त्याच्यावर तोतयागिरीचा गुन्हा दाखल झाला. तो अपीलात गेला आणि म्हणाला की खोटं बोलणं हे माझं भाषणस्वातंत्र्य आहे, आणि हे ऐकायला वेडगळ वाटलं तरी त्याच वर्षी, २०१२ ला, सुप्रीम कोर्टाने लष्करी पदक मिळाल्याचं खोटं सांगणाऱ्या माणसाला याच मुद्द्यावर सोडलं होतं. पण फोर्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने, तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी, सांगितलं की पोलिसाची गोष्ट वेगळी आहे, लोकांचा भरवसा आणि सुरक्षितता त्यावर चालते, कायदा ठीक आहे आणि शिक्षाही ठीक आहे. एक तिकीट वाचवायला गेला आणि त्याच्या नावावर कायमचा गुन्हा लागला. तुमच्या मुलाने वाचवलं काय, तर दीड मिनिट.

आणि वातावरण सध्या कसं आहे तेही लक्षात घ्या. १४ जून २०२५ ला पहाटे मिनेसोटात एक माणूस पोलिसांसारखी दिसणारी दिवे लावलेली एसयूव्ही घेऊन, अंगावर पोलिसी जॅकेट चढवून, लोकप्रतिनिधींच्या दारात गेला. मेलिसा हॉर्टमन, ज्या तिथल्या सभागृहाच्या माजी स्पीकर होत्या, त्या आणि त्यांचे पती त्यात मारले गेले, त्याच राज्याचे सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांच्या पत्नीला गोळ्या लागल्या. त्या रात्रीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एका ठिकाणी खरी पोलीस अधिकारी त्याच्या गाडीशेजारी गाडी आणून उभी राहिली, तिला वाटलं हा आपल्यातलाच कोणी पहाऱ्यावर आलाय. खऱ्या पोलिसाला कळलं नाही तर रूट वनवरच्या माणसाला काय कळणार. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात एकाने तर तुमच्या मुलासारखीच सरकारी लिलावातून निघालेली जुनी गाडी घेतली, तिच्यावर हुबेहूब आरसीएमपीची, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसांची चित्रं-पट्टे लावले आणि १३ तास फिरून २२ माणसं मारली. त्यानंतर त्या प्रांताने पोलिसांचे कपडे, बिल्ले, गाडीवरचं सामान कोणाकडे असावं आणि कोणाकडे नसावं यावर वेगळा कायदाच केला. तुमचा मुलगा त्यांच्या जवळपासचाही नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. ज्या ट्रूपरला, म्हणजे हायवेवरच्या राज्य पोलिसाला, आय-९५ वर रात्री दोन वाजता काचेत दिवे लावलेली, आत चार पोरं बसलेली क्राउन व्हिक दिसेल त्याला माहीत नाही, आणि त्याच्या कमरेला बंदूक आहे. मला कोर्टापेक्षा या क्षणाची जास्त भीती वाटते, खरं सांगते.

मामांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की 'कोण विचारतंय' हा कायदा नाही, सवय आहे. नंबर प्लेटवर नंबर सोडून दुसरं काही लिहायला तिथेही परवानगी नाही, आणि सरकारी अधिकारी असल्याची तोतयागिरी पूर्वी आयपीसीच्या १७० मध्ये होती ती १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २०४ मध्ये आली, आता कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं आणि दंड. नुसती वर्दी किंवा बिल्ला त्या हेतूने मिरवला तर २०५, ३ महिन्यांपर्यंत. आणि गंमत म्हणजे हेच मामा साताऱ्याला कोणी फोनवर 'मी सीबीआयमधून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणालं तर घामाघूम होतील, असली अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नसताना. तो फोनवाला आणि आपला पोरगा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोघांचं भांडवल एकच.

तोतया हा शब्द तर आपला जुनाच. पानिपतावर १७६१ ला सदाशिवरावभाऊ गेले, आणि काही वर्षांनी एक जण मीच भाऊ म्हणून उभा राहिला. त्याच्याकडे फौज नव्हती की खजिना नव्हता, फक्त नाव होतं, पण त्या नावावर माणसं गोळा झाली, कोकणातले काही किल्लेसुद्धा त्याच्या हातात गेले, शेवटी १७७६ ला त्याला पुण्यात देहदंड झाला तेव्हा प्रकरण मिटलं. मामांना इतिहासाची आवड असेल तर संध्याकाळी चहाबरोबर हा विषय काढा, मग ते पाट्यांचं समर्थन करणार नाहीत, निदान अर्धा तास तरी.

ग्रीन कार्ड. इथे मात्र मी विनोद करणार नाही. सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्मवर अटक झाली होती का, आरोप लागला होता का, हे सगळं विचारतात, नुसती शिक्षा झाली का एवढंच नाही, आणि फसवण्याचा हेतू असलेल्या गुन्ह्यांकडे इमिग्रेशनवाले फार वाकड्या नजरेने बघतात. इथला क्रिमिनल वकील 'सौदा चांगला आहे, गुन्हा कबूल कर, घरी जा' म्हणतो तेव्हा तो सौदा नागरिकाला चांगला असतो, ग्रीन कार्डवाल्याला तोच महागात पडू शकतो. २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गुन्हा कबूल करण्याआधी त्याचा देशातून घालवण्यावर काय परिणाम होईल ते वकिलाने आशिलाला सांगायलाच हवं. त्या केसमधला माणूस ४० वर्षांहून जास्त काळ इथे कायदेशीर राहिलेला होता, तरी त्याच्यावर ही वेळ आली होती. तेव्हा अजून काही झालेलं नसलं तरी एकदा, एकच तास, क्रिमिनल आणि इमिग्रेशन दोन्ही कळणाऱ्या वकिलाकडे मुलाला घेऊन बसा. त्याचे दोन-तीनशे डॉलर लागतील ते पिझ्झाच्या पगारातून जाऊ देत.

व्हिडिओ डिलीट करायचा का? तुम्ही आई म्हणून आधी हेच म्हणणार, मीही म्हटलं असतं. पण वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. चौकशी सुरू झालेली असेल किंवा होणार हे माहीत असताना पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा होऊन बसतो, आणि तसंही इन्स्टावरून काढलं तरी कोणीतरी स्क्रीन रेकॉर्ड केलेलंच असतं. तोवर नवीन काही टाकायचं नाही, कॉमेंटमध्ये फुशारकी नाही, आणि मित्रांच्या ग्रुपवर 'पोलीस आले तर आपण असं सांगू' असलं एक अक्षर नाही. पोलीस खरंच आले तर नीट बोलायचं, उलट उत्तर नाही, पण 'मला वकिलाशी बोलून उत्तरं द्यायची आहेत' हे वाक्य म्हणायचं आणि मग खरंच गप्प बसायचं. आपली मुलं इथेच चुकतात, त्यांना वाटतं समजावून सांगितलं की ऑफिसरला पटेल. आणि आपण आई-बाप त्याहून मोठे चुकतो, दारातच उभं राहून 'नाही हो, तसा वाईट नाही तो, फक्त एकदाच केलं' म्हणतो, म्हणजे कबुली आपणच दिली.

दिवे मात्र गाडीतून निघालेच पाहिजेत, आजच, नुसतं बटण बंद करून नाही, वायरसकट. विकायचे नाहीत, फेकायचे नाहीत, डब्यात घालून कपाटात ठेवा आणि वकील सांगेल तसं करा. हे तुमच्या ह्यांनी स्वतः मुलाबरोबर गॅरेजमध्ये उभं राहून करावं असं मला वाटतं, कारण पोरखेळ म्हणून त्यांनी खांदे उडवले तेव्हाच मुलाला अर्धी परवानगी मिळाली. त्यांना सांगा ताईंनी तुमचं नाव घेऊन सांगितलंय. आणि हो, गाडीच्या मागे पोलीस युनियनचा स्टिकर वगैरे लावला असेल, न्यू जर्सीत पीबीए या पोलीस युनियनची कार्डं आणि स्टिकर किती जण मिरवतात ते आपण बघतोच, तर नुसत्या त्याने कोणी तोतया ठरत नाही, पण या गाडीवर, या व्हिडिओनंतर, तोही नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगते. मुलाला एकदा तुमच्या गाडीत बसवा, रात्री, तुम्ही चालवा, आणि त्याला शिकवा की मागे असे दिवे लागले तर त्याने काय करायचं. हॅझर्ड लावायचे, हळू व्हायचं, उजेडात जाऊन थांबायचं, ९११ ला विचारायचं, दारं लॉक, काच थोडीशी खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. २०२५ मध्ये तोंडावर मास्क बांधलेले इमिग्रेशनचे लोक आणि त्यांचे तोतये, दोन्हींच्या बातम्या येत राहिल्या, इतक्या की कॅलिफोर्नियाने ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने नाव किंवा बिल्ला नंबर दिसेल असा लावावा म्हणून कायदा केला. फेडरल अधिकाऱ्याची बतावणी केली तर वेगळं फेडरल कलम आहे, ३ वर्षांपर्यंत. तेव्हा हे शिकणं त्याला लागेलच, आणि शिकताना तो मान वळवून मागे बघेल ना, तेव्हा तुम्ही काही बोलू नका.

राहिली गाडी. विकायला लावू नका. स्वतःच्या कमाईची पहिली गाडी आहे, लिलावातून पोलिसांची जुनी गाडी घेणं यात काही बेकायदेशीर नाही, २०११ नंतर ती बनतच नाही आणि वेड्यासारखी माणसं तिच्यावर प्रेम करतात, आमच्या ऑफिसच्या मेकॅनिककडेच दोन आहेत. पुढचा लोखंडी बंपर आणि खिडकीपाशी बाहेर आलेला स्पॉटलाइट काढून टाकायला सांगा, ते असले की ती लांबून पोलिसांचीच वाटते. आणि रंग बदलायला सांगा. मरून, हिरवी, पिवळी, कुठलाही रंग त्याचा त्याला निवडू दे, तुम्हाला आवडला नाही तरी चालेल, फक्त दारं काळी करायची नाहीत. फ्लोरिडाला यंदा विमानाने जाऊ दे.